काटे शेवटी

चांदा, जानेवारी १९५४

प्रिय शकू,

मुलगी झाल्याचं कळलं. तिला बघायला कधी येता, हा तुझा प्रश्न दोन पत्रांपासून टाळतोय. आज टाळणार नाही. आधी इथलं ऐक.

रावसाहेबांचं गुलाबपुराण चालूच आहे. उभी नोकरी सागवान तोडवण्यात गेली, आता पेन्शनीत एकेका पाकळीसाठी गहिवरतात. बागेतल्या प्रत्येक जातीचं हुबेहूब चित्र त्यांना हवंय. गुलाबाचा नखरा असा, की सकाळी मान ताठ आणि दुपारी खाली. म्हणून मी आधी फूल रंगवतो, मग पानं, काटे शेवटी. काटे कोमेजत नाहीत, आपल्या नातेवाइकांसारखेच. डाव्या हातात फांदी धरून फिरवत राहायचं, उजव्यानं काढायचं.

पंधरवड्यापूर्वी काटे काढताना कागदावरच्या पाकळीवर लाल थेंब दिसला. कुंचला गळला असं समजून मी तो ओला असतानाच पसरवून टाकला. रावसाहेब म्हणाले, "वा, या पाकळीत जीव आहे!" त्यांना चित्रातलं काही कळल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती पाकळी तपकिरी पडली. माझा रंग असा दगा देत नाही. मी कागद निरखत बसलो, तर माळी मंगरू माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "भाऊ, बोटात काटा तसाच हाये. दुखून नाई राह्यला का?"

नव्हता दुखत. मी मुद्दाम दुसरा टोचून पाहिला. तोही नाही.

डॉक्टरांनी बोटं चाचपली. पाठीवरचा फिकट चट्टा पाहिला, ज्याला गजकर्ण समजून तू रोज मलम चोळायचीस. मग खुर्ची जराशी मागे घेतली. एरवी सभ्य माणूस. महारोग आहे, शकू. गोळ्या निघाल्यात, बरा होतो म्हणे, पण वर्षं जातील.

तेव्हा बारशाला मी येत नाही, आणि तूही इकडे येऊ नकोस. पोरीला घेऊन नागपूरला जा, दोघींची अंगं तपासून घे. तुझ्या माहेरी कुरखेड्यात नको, तिथं शिंकलं तरी पंचायत बसते. कोणी विचारलं, तर सांग की नवऱ्यानं चांद्यात बाई ठेवलीय. त्यानं पोरीची सोयरीक अडत नाही. खरं कळलं तर अडेल. तुझी आई मला शिव्या घालेल, तिला थांबवू नकोस. आणि रडायचं ते सगळ्यांसमोरच रड. कोणाला शंका येणार नाही.

तुझाच,
गुणवंत