माझ्या साक्षीतलं एक ‘हाव’

९ जुलै, लातूर
अपिलाचे कागद आले. धाकट्याला, दत्ताला, गांजाच्या केसमध्ये दहा वर्षं. तीन गेली. शाळेतून आल्यावर माझीच साक्ष वाचली. ‘हे खरे आहे की, झाडे सापडली ती ओढ्याकडील पट्टी माझा भाऊ कसत होता.’ एवढं लांब मी बोललोच नाही. तेवढं सरकारी वकिलानं विचारलं, मी म्हणालो, हाव, म्हणजे आपलं हो. बस्स.

१३ जुलै
नांदेडला वकीलसाहेबांकडे. दत्ताची बायको मंगल इस्लापूरहून आलेली. वकीलसा. खूश. “सर, आपल्याकडं माणूस नुसतं ऐकत असला तरी हाव हाव करतो. तोच मुद्दा धरू. प्रतिज्ञापत्र द्या, पुन्हा साक्ष घ्या म्हणून अर्ज करतो.” मंगल लगेच, “दादा फोनवर बी तसंच करत्यात की!” मी मान हलवली. लाज कशी वाटली नाही मला.

१४ जुलै
इथं तरी खरं लिही, मास्तर. ते हाव सवयीचं नव्हतं. पट्टी माझ्या वाट्याची. त्या साली बटईनं मीच दिली, तोंडी. दत्ताचा पायसुद्धा लागला नव्हता तिथं. तुरीत बटईदारानं काय लावलं ते मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. धाड पडली, तो पळाला. त्याचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न, जमीन दिली कुणी? मग नोकरी... दत्ताला सगळं ठाऊक. मी हाव म्हणालो तेव्हा कोर्टात माझ्याकडं बघितलं न् मान खाली घातली.

२० जुलै
वकीलसा.ना फोनवर सगळं सांगून टाकलं. म्हणाले, “हे तेव्हा सांगायचं होतं सर.” खोट्या साक्षीची केस होईल, नोकरी जाईल, कोर्ट मानेलच असंही नाही म्हणे. पण सवयीच्या मुद्द्यापेक्षा ह्यात दम आहे.

२६ जुलै
जेलात भेट. म्हणालो, दत्ता, मी खरं सांगून टाकतो. वाटलं, रडेल. भडकला. “येडा झालास का दादा? दोघंबी आत बसू? पोरांला कोण बघल? तीन वर्षं गप बसलो ते फुकट?” जाळीवर हात आपटला. शिपाई ओरडला. वेळ संपली.
येताना मुदखेडला गाडी लई वेळ उभी. उतरून चहा घेतला, प्यायला नाही.

२८ जुलै
वकीलसा.नी दोन मसुदे पाठवले. सवयीचा पानभर, खरा चार पानं. पहिल्यावर सही म्हणजे पुन्हा खोटं. दुसऱ्यावर केली तर दत्ता तोंड बघणार नाही, पण सुटंल. कदाचित.
दुपारी मंगलचा फोन. तिला पहिलाच ठाऊक. “सही झाली का दादा?”
म्हणालो, अजून वाचून राहिलो.