देवानंदचा खिळा

५ जानेवारी
उटनूरहून बसनं जैनथला उतरलो. लय बरं वाटून राह्यलं. फोटो काढायला लागलो तो स्टुडिओ रस्त्यालाच, वर राहायला खोली. मालकीण रेणुकाबाईंनी गरम भाकर अन् वांग्याची भाजी वाढली. त्यांचा नवरा देवानंद गेल्या पावसाळ्यात वारला. काउंटरमागं खिळ्याला त्याचा हार घातलेला फोटो. बाई रोज सकाळी त्यापुढं दिवा लावतात. पाटीवर अजून ‘देवानंद फोटो’च हाये. शेजारच्या ताराबाईच्या पोरीच्या लगनाचे फोटो नीट काढले तर तिथं तुमचं नाव टाकू, म्हणाल्या. रविकांत फोटो. कसं शोभते!

९ जानेवारी
एका घरी बारशाचे फोटो काढले. फ्लॅशनं तोंडं पिठासारखी पांढरी, मागची खोली काळीकुट्ट. बाया म्हणे, देवानंदच्या फोटोत घरातला उजेड दिसे, पाळण्यावरचा बल्बही पिवळा दिसे. रेणुकाबाईंनी त्याचे जुने फोटो दाखवले. खरंच दिसते. मेलेल्या माणसावर जळावं म्हणजे हद्द झाली, पण जळलो. जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी
जमलं एकदाचं. फ्लॅश फक्त जवळच्याला उजळते. मागच्या खोलीचा उजेड आत यायला शटर हळू लागते. फ्लॅश कमी करून छताकडं वळवली, शटर हळू केलं, अन् हळदीकुंकू असं आलं का काय सांगू. फक्त कोपऱ्यात एक माणूस पुसट दिसून राह्यला. हलला असंल कोणी. बाया पाहून म्हणे, अगदी देवानंदसारखं. तळपायाची आग मस्तकात गेली.
स्टुडिओत आलो, त्याचा फोटो उतरवला अन् त्याच खिळ्याला माझा टांगला.

१५ जानेवारी
रेणुकाबाई पांढऱ्या पडल्या. त्या खिळ्याला जित्या माणसाचा फोटो लावत नसतात, म्हणाल्या. लावला त्यानंच उतरवावा, दुसऱ्यानं हात लावू नये. मी काऊन उतरवू? त्याची जागा मलाच पाहिजे.

२० जानेवारी
ताराबाईकडचं लगन. बुद्धाच्या मूर्तीपुढच्या मेणबत्त्यांचा उजेड जसाच्या तसा आला. सगळे खूश. पण प्रत्येक फोटोत तो कोपऱ्यातला माणूस. दर फोटोत थोडा जवळ. शेवटच्यात फ्लॅशच्या टप्प्यात आला.
देवानंद.

२१ जानेवारी
पाटीसाठी माझा फोटो घेतला, टायमर लावून. स्टुलावर मी बसलो. फोटोत स्टुलावर तो, एकदम ठळक. मी मागच्या भिंतीशी, पुसट —
धावत खिळ्याकडं गेलो. उतरवतो म्हटलं. बोटं चौकटीला लागतच नाहीत —

२२ जानेवारी
बाईंनी दिवा लावला. हार घातला. माझ्या फोटोला. ताट देवानंदला वाढलं. मी हाक मारली, त्यांनी भिंतीकडं पाह्यलं फक्त —
पाटी तीच.
तो कॅमेरा घेऊन निघाला. कोणाचं तरी बारसं हाये. मीही जातो मागं. कोपऱ्यात उभा राहीन. शटर हळू ठेवजो रे देवानंद, तरच मी दि —