जाड्याचं बटण

मुलुंड, रविवार संध्याकाळ

माझ्या जुन्या, हातात धरून खेळायच्या तीन व्हिडिओ गेमपैकी एकच ठेवायचा, बाकीचे देऊन टाकायचे, असं ठरलं होतं. सईने तिन्ही टेबलावर मांडले. घडीचा दिसायला झकास, पण बटण अडकतं. चपट्याच्या स्क्रीनला लाइट आहे, पण बटण दोनदा दाबावं लागतं. जाड्याच्या स्क्रीनवर तर तो ट्यूबलाइटखाली तिरका धरल्याशिवाय काही दिसतच नाही.

"आई, ही वीट आहे," सई म्हणाली. आणि त्याच विटेवर तिने पहिली लेव्हल काढली! बटण अजून टकाटक. का नसेल? मी शाळेत असताना ते आत बसलं, तेव्हा बाबांनी जुन्या स्लिपरचा तुकडा कापून खाली सरकवला होता. सईला हे मिरवून सांगत होते, तर पेपरआडून बाबा मला म्हणाले, "स्लिपर नवीच होती गं. तुझ्या आईला जुनी सांगितली."

जाडा राहतोय.