उजव्याचा डावा

१९ ऑगस्ट, सोमवार

बसले एकदाची आनंदच्या खुर्चीवर. एक हात तुटलेला, चिकटपट्टीने बांधलेला. इतकी वर्षं इथे काम केलं आणि नवी खुर्ची मागता आली नाही नवऱ्याला!

पुण्याजवळ शिवणे गावात पत्र्याची शेड, तीन मिलिंग मशीन आणि मालक अनिरुद्ध सर. म्हणाले, "वहिनी, दिवाळीपर्यंत बघू. प्रोग्रामिंग जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका." जूनमध्ये आनंद गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाला आले होते, तेव्हाच विचारलं होतं — तुमचं गणित पक्कं आहे, याल का? दया करायची तर सरळ करावी. मध्ये गणिताला कशाला आणायचं?

मला ही जागा हवी आहे. हे फक्त इथे लिहिते. आनंदची बायको म्हणून नको, माझी म्हणून हवी. क्लासमध्ये परत दहावीच्या मुलांकडून भूमिती घोकून घ्यायला मी जाणार नाही.

भिंतीवर आनंदचा फोटो लावलाय. हार प्लास्टिकचा. दर आठवड्याला बदलायला नको — सोय!

२२ ऑगस्ट, गुरुवार

शॉपला सुट्टी. सकाळी स्वारगेटला, प्रोग्रामिंग शिकायच्या क्लासला. शिकवणारा सलिल, वय पंचवीस असेल. दर वाक्याला "सिंपल आहे, गाइज." त्याने स्वतः कधी मशीनचं दार उघडलं असेल असं वाटत नाही. हात फार स्वच्छ आहेत.

काम मात्र समजलं. गिऱ्हाइकाकडून भागाचं भरीव मॉडेल येतं. ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, आणि धातूच्या ठोकळ्यातून तो भाग कोरायला कुठलं कटर कुठून कसं फिरेल ते ठरवायचं. गंमत अशी की मॉडेल एकदा इकडे आणलं की त्याची सगळी जन्मकथा गळून पडते. आधी काय काढलं, भोक कशासाठी पाडलं, काही कळत नाही. बाजूच्या यादीत एकच शब्द — 'इम्पोर्टेड'. सांत्वनाला येणाऱ्या नातेवाइकांसारखं. बाहेरून गुळगुळीत, आत काय आहे देव जाणे. (देव मानत नाही आपण. तरी लिहून गेले.)

२७ ऑगस्ट

दीपालीवन्सं आल्या होत्या. "अगं, मशीनवर कसलं काम करतेस, शिवणकाम शिक त्यापेक्षा." चहा दिला. दुसरा विचारला नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज कटर मोडलं.

स्क्रीनवर सगळं सुंदर चाललं होतं. हिरव्या रेघा, निळ्या रेघा, भाग कसा लोण्यातून निघाल्यासारखा. मशीनवर चढवलं आणि कटर थेट क्लॅम्पवर! ठोकळा धरून ठेवायला क्लॅम्प लागतो हे सॉफ्टवेअरला मी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ठोकळा हवेत तरंगत होता. माझ्या लेखीही.

मशीन चालवणारा महिपती खडकवासल्याच्या पुढून येतो. त्याने लाल बटण दाबलं आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, ह्यो लोखंडाचा हाय. सरकत न्हाई." मग सगळे हसले. मी पण हसायला हवं होतं बहुतेक.

इथली पद्धत अशी — नव्या प्रोग्रामचा पहिला नग निघेपर्यंत प्रोग्रामरने मशीनपाशी उभं राहायचं, हात वेगाच्या बटणावर. मी उभी होते. हातही होता. डोकं घरी होतं.

मूर्ख बाई.

१० सप्टेंबर

गिऱ्हाइकाच्या हिंजवडीच्या डिझाइन ऑफिसातल्या अभिनवशी फोन. हे संभाषण जपून ठेवायला हवं.

मी : आतले कोपरे तुम्ही काटकोनी काढलेत. कटर गोल असतं. कोपऱ्यात थोडी गोलाई द्यावी लागेल.
तो : मॅडम, छोटं कटर वापरा ना.
मी : कितीही छोटं घेतलं तरी गोलच असणार.
तो : (विचार करून) तुमच्याकडे चौकोनी नसतं का?

गरगर फिरणारं चौकोनी कटर! काचेच्या इमारतीत बसतात, कंपनीच्या बसने जातात-येतात, कॅन्टीनमध्ये तीन प्रकारची कोशिंबीर. हाच प्रश्न मी पहिल्या आठवड्यात महिपतीला विचारला होता, हे खरं. पण मी इंजिनिअर म्हणवून घेत नव्हते.

फोनवर यातलं काही बोलले नाही. "ठीक आहे, मेल करते" म्हटलं.

२० सप्टेंबर

गणपती गेले, रस्ते मोकळे झाले. या आठवड्यातले सगळे नग पहिल्या फटक्यात पास. कोणी काही बोललं नाही. पुण्यात कोणी काही बोललं नाही म्हणजे बरं चाललंय असं समजायचं.

२९ सप्टेंबर, रविवार

आता आनंदचे जुने प्रोग्राम वाचता येतात. न येते तर बरं झालं असतं.

सगळे म्हणतात, आनंदच्या हातात जादू होती. जादू! कटर एका कोपऱ्यात जातं, उचलतं, परत पहिल्या जागी येतं, परत जातं. किराणा आणायला निघालेला माणूस प्रत्येक वस्तूसाठी वारज्यातून घरी परत यावा तसं. मी दीड महिन्यात याच्यापेक्षा बरं करते. हे कुणाला सांगायचं? मेलेल्या माणसाच्या चुका काढणारी बाई कशी दिसते ते मला ठाऊक आहे.

आनंद, तू साधारण होतास रे. साधारणच होतास.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खंडेनवमी. मशीनना हळद-कुंकू, झेंडूचे हार. दरवर्षी आनंद बाजूला उभा राहायचा आणि पेढा खायचा, एवढाच त्याचा सहभाग. मी पण बाजूला उभी राहिले. पण आज सगळ्यांची पंचाईत झाली! मी बौद्ध म्हणून बाजूला की विधवा म्हणून, हे कुणाला ठरवता येईना. शेवटी महिपती कसनुसा होऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही... आसू द्या, पेढा घ्या." घेतला. चांगला होता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जूनमध्ये थांबलेलं काम परत आलं. ब्रॅकेटची जोडी, यंत्राच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक. आनंदच्या फोल्डरमध्ये दोन्ही मॉडेल तयार आहेत, 'उजवा' आणि 'डावा'. एकदाचं काहीतरी धड करून ठेवलंय त्याने.

सर म्हणाले, "हे नीट गेलं की दिवाळीनंतरची काळजी नको." म्हणजे जागेचं यावर ठरणार. बरं झालं. निदान ठरेल.

१८ ऑक्टोबर

दोन्ही नग सुरेख. पहिला उजवा निघेपर्यंत उभी होते, पहिला डावा निघेपर्यंतही. महिपतीने मापं घेतली, एकही बाहेर नाही. "वहिनी, आता तुम्हीबी बटणाव हात न ठेवता उभ्या ऱ्हावा," म्हणाला. याला इथे कौतुक म्हणतात.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

डावे सगळे नापास. एकूण एक.

सेन्सरचं भोक उलट्या बाजूला. अभिनवचा फोन मीच घेतला. आवाज शक्य तितका थंड ठेवून म्हटलं, "मॉडेल तुमचंच आहे, त्याच्याबरहुकूम केलंय." मनात म्हटलं, आला चौकोनी कटरवाला!

तो म्हणाला, "मॅडम, वायर एकाच बाजूने येते, म्हणून ते भोक दोन्ही ब्रॅकेटला उजवीकडेच आहे. बाकी सगळं उलटं, तेवढं एक सोडून. म्हणून तर डाव्याची फाइल वेगळी पाठवली होती. जूनचा मेल बघता का प्लीज?"

प्लीज म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मेलमध्ये दोन फाइली होत्या. आनंदने उतरवलेली एकच — उजव्याची. 'डावा' उघडला. बाजूच्या यादीत 'इम्पोर्टेड', आणि त्याच्याखाली 'मिरर'. डाव्याची फाइल आणलीच नाही त्याने. उजव्यालाच आरसा दाखवला आणि जे दिसलं त्याला डावा म्हटलं! आरशात भोकही उलटलं.

'मिरर' हा शब्द मी आठवडाभर पाहत होते. वाटलं, असतं काहीतरी. आणि महिपतीला मापांचा तक्ता मीच काढून दिला होता, त्याच मॉडेलवरून. चुकीच्या मापाने चूक मोजली, बरोबर आली.

फाइलवर तारीख आहे. जूनची. आनंद जायच्या आधीच्या आठवड्यातली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सर दिवसभर हिंजवडीत, गिऱ्हाइकाची समजूत काढायला. भंगाराच्या पिंपात डावे ब्रॅकेट. अजून चकचकीत.

दुपारी डबा खाताना महिपती फोटोकडे बघून म्हणाला, "आनंददादा आसतं तर आसं झालं नसतं." दोघांनी मान हलवली. मी भाजी खात होते. वांग्याची.

आनंद होता म्हणूनच झालं! जिभेवर आलं होतं. एक वाक्य, आणि माझी जागा शाबूत.

दोन क्लिक वाचवले त्याने. आळशी माणूस. जगातून जाताना सुद्धा शॉर्टकट.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. सासूबाई शेजारच्या यमुनाबाईंना सांगत होत्या, "आमच्या आनंदने कधी एक तुकडा वाया घालवला नाही हो." मी कांदा चिरत होते. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न आला नाही.

ठरवलं. सर उद्याही नाहीत. परवा केबिनमध्ये जायचं, फाइल उघडून दाखवायची, तारखेसकट. भावना आणायची नाही. गणितासारखं सांगायचं : दिलेलं काय, केलं काय, चुकलं कुठे.

२५ ऑक्टोबर

वाक्य पाठ केलं. "सर, डाव्याचं मॉडेल मी आणलेलं नाही, ते आधीपासून होतं." कुणाचं नावही घ्यावं लागत नाही. फार व्यवस्थित वाक्य आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सरांनी विचारलं, "डावा कुणी केला?" मी म्हटलं, "मी. चूक माझी." असं का म्हटलं माहीत नाही.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. फाइल उघडीच होती. "जूनमध्ये तुम्ही इथे नव्हता, वहिनी." मग पेन उचललं, ठेवलं. "आनंदचं प्रत्येक काम मशीनवर चढायच्या आधी मी इथून तपासायचो. वर्षानुवर्षं. त्याला माहीत होतं, दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. सुरुवातीला तुमचंही तपासलं. गणपतीनंतर सोडलं, गरज वाटेना. हे तपासलं असतं तर सापडलं असतं." आणि, "जागा तुमची. सोमवारी दोन्ही फाइली नव्याने घ्या. महिपतीला काही सांगायची गरज नाही."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, जागा पक्की झाली. म्हणाल्या, "आनंदची पुण्याई."

मी हो म्हटलं.