गव्हाचं पाणी

९ नोव्हेंबर
झालं एकदाचं! गावानं ठरवलं – यंदा बोअरवर गहू नाही. आमची संत्री कुहीला जाणार, कुहीचा तांदूळ आमच्याकडे काटोलला येणार. धानाला पाणी लागतंच, पण तिथं ते आभाळातून आणि तलावातून मिळतं. आमच्याकडे जमिनीच्या पोटातून उपसावं लागतं. हे समजावता समजावता घसा बसला माझा. धाकट्या भावानं, अमोलनं, सगळ्यांच्या आधी हात वर केला.

मला फक्त आईच्या विहिरीत पाणी राहायला हवंय. ती आटली की आई टँकरमागे धावणार.

२ डिसेंबर
तांदळाचा ट्रक पोचला. लगेच आईचा फोन – "रोज भातच खायचा का वं, कामिनी? पोळीबिना पोट भरते का माणसाचं?" विहिरीसाठी सोस जरा, म्हटलं. "सोसूनच राहिली न!" – आणि फोन बंद.

१४ जानेवारी
संक्रांतीला गावी. विहिरीत पाणी! मागच्या वर्षी या दिवसांत तळाचा दगड दिसत होता. आईनं तीळगूळ आधी विहिरीत टाकला, मग मला दिला. मी चिडवलं, तर म्हणे, "तिचं तोंड गोड राह्यलं त आपलं राहीन."

६ मार्च
आईचा फोन. बादली खडकाला लागतेय. असं कसं? गहू नाही, मग पाणी गेलं कुठं?

७ मार्च
सकाळच्या एसटीनं गेले. जाऊ नये असं झालं!

गव्हाच्या शेतांत संत्र्याची नवी कलमं. पडीक होतं तिथंही कलमं. संक्रांत झाली आणि सगळ्यांनी लावली. बोअर दिवसभर चालू. "पाणी वाचलं न ताई, मंग लावली. तुमच्यामुळंच जमलं!" हसून सांगतात, वर चहा पाजतात. अरे, गव्हाचं पाणी होळीला तरी थांबतं. ही झाडं तर उन्हाळाभर पिणार, वर्षानुवर्षं पिणार! वाचलेलं पाणी जमिनीतच राहू द्यायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. ते काय सांगायला हवं, असं वाटलं होतं मला.

अमोलचं गव्हाचं शेत तेवढं रिकामं. तेवढाच आधार.

१९ मार्च
आईला म्हटलं, माझ्याकडे शहरात, बेसाला ये. "तुह्याइथं तरी कुठं नळाले पाणी येते?" खरंच आहे. काल आमच्या सोसायटीतही टँकरच आला. कशातच मन नाही. सगळं फुकट गेलं.

२ एप्रिल
विहीर आटली.

५ एप्रिल
आईला आणायला गेले. सामान रिक्षात ठेवलं, तर अमोल म्हणाला, "ताई, एक दाखवाचं होतं तुले." नाल्यापलीकडे घेऊन गेला. आईच्या विहिरीचा झरा त्याच बाजूचा. नवा बोअर, आणि कलमांच्या ओळी – हिरव्यागार. "तुह्या नावानं लावली. गावासाठी इतकं केलं तू, आपल्याकडून तुले काहीतरी!"

छान लावलीस, म्हटलं.