न आलेल्या पाहुण्याची खोली

ता. ३ जून

चि. ठमीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिन्याने उत्तर लिहितो आहे, रागावू नकोस. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला करखात्याची नोटीस वाचायलाच पंधरा दिवस लागतात. उरलेले पंधरा घाबरण्यात गेले.

आपल्या लॉजवर खोली राखून ठेवायला सांगतात आणि येतच नाहीत, अशा गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमेतून मी एका दिवसाचं भाडं कापून घेतो, हे तुला ठाऊक आहे. त्यावर कर कधी भरला नाही. जो आलाच नाही त्याच्यावर कर कसला, असं मला वाटे. आता खातं म्हणतं, मी तीन वर्षं उत्पन्न दडवलं. पुढच्या गुरुवारी तपासनीस येणार. लबाड ठरलो तर लॉजचा परवाना जाईल, आणि या वयात मी कुठं तोंड दाखवू?

मॅनेजर म्हणतो, नुकसानभरपाई घेतली म्हणून सांगा, तिच्यावर कर नसतो, आणि ती वही आधी माळ्यावर टाका. तीच वही, जिच्यात मी लिहून ठेवतो : खोली सात. आले नाहीत. चादर बदलली, पाणी भरलं, दुसऱ्याला दिली नाही.

वही लपवू का? तू करसल्लागाराच्या कचेरीत बसतेस, तूच सांग. अन्न गोड लागत नाही.

तुझा काका

ता. ७ जून

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

वही लपवलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. मॅनेजरसाहेबांना म्हणावं, तुम्ही किल्ल्या सांभाळा.

तुम्ही खोली दुसऱ्याला न देता तयार ठेवलीत. म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तरी सेवा दिलीतच, आणि आमचे साहेब म्हणतात, तिच्यावर कर बसेल. तो भरावा लागेल काका, सुटका नाही. पण दडवणारा माणूस असं लिहून ठेवतो का? लबाडीचा डाग तीच वही पुसेल. आपणहून टेबलावर ठेवा. विचारतील तेवढंच बोला. घाबरलात की तुम्ही फार बोलता.

किती लॉजांचे कागद माझ्या हाताखालून गेले, पण न आलेल्यासाठी पाणी भरणारा मालक दुसरा पाहिला नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमलं तर येते.

तुमची ठमी

ता. १२ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच केलं. तपासनीस बाई होत्या. चष्मा पुसून त्यांनी वही पान न् पान वाचली. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, जो आलाच नाही त्याच्यासाठी पाणी कशाला भरलंत?"

मी म्हटलं, "आला असता तर?"

त्यांनी वही मिटली. मग चूक अजाणता झाली, दडवादडवी नाही, असा शेरा लिहिला. कर तेवढा भरायचा, परवाना राहिला. तू शिकायला गेलीस तेव्हा मीच नाक मुरडलं होतं, पोरी. आज स्वतःचा कान धरतो. मॅनेजर तर तुला बाईसाहेब म्हणायला लागलाय.

शेवटच्या रविवारची खोली सात वहीत तुझ्या नावावर लिहिली आहे. आली नाहीस तर एका दिवसाचं भाडं कापीन, आणि आता करासकट. चादर बदललेली असेल, पाणी भरलेलं असेल. पण तुझं 'जमलं तर' मला सोसत नाही. म्हाताऱ्यावर एवढी माया कर, येणार की नाही ते लगेच कळव.

तुझा काका