समोरच्या गच्चीवरचा अँटेना

३ फेब्रुवारी
सामान लागलं एकदाचं! बदलीचं गाव, भाड्याचं घर, पण गच्ची आपली. पाण्याच्या प्रयोगशाळेतून चारला सुटतो, म्हणजे उन्हं असेतो दोन तास हौशी रेडिओला, जगभरच्या अनोळख्यांशी बोलायला. बायको म्हणाली, आधी शेगडी जोड, मग अँटेना. जोडली. गच्चीवर गेलो तर समोरच्या खांबावर एक अँटेना सावकाश दिशा बदलत होता. गल्लीत आपल्यासारखा आणखी एक वेडा आहे!

५ फेब्रुवारी
वेडा म्हणजे कवळ्या बनवणारे निवृत्त गृहस्थ. गल्ली त्यांना कवळीकाका म्हणते; ते स्वतःही. अँटेना फक्त दहा मीटर बँडचा, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्याचा, तीनच आडव्या नळ्या: मागची लांब, पुढची आखूड, मधलीला तार. विचारलं, सगळे बँड चालतील असा का नाही केलात? हसले. म्हणाले, सगळ्या तोंडांना बसेल अशी कवळी कुणालाच धड बसत नाही. नको नको म्हणत असताना अॅल्युमिनियमच्या नळ्याही दिल्या.

१४ फेब्रुवारी
माझा तयार. त्याच बँडचा, पण पाच नळ्यांचा. काकांपेक्षा दोन जास्त. मिलिमीटर मोजून कापल्या. समुद्रापलीकडचं स्टेशन लागलं, हाकेला ओ आली. पण तिथला माणूस म्हणाला, थांबा, आधी तुमच्या गावच्या दुसऱ्या गृहस्थांशी बोलतो, त्यांचा आवाज घंटेसारखा येतोय.

२० फेब्रुवारी
रोज तेच. कागदावर माझा सरस, गणितात माझा सरस, आणि उत्तरं काकांना. बायको आता समोरच जाऊन ऐकते. म्हणते, काका बोलतात छान, रेडिओवर आणि एरवीही. तुझ्या खोलीत नुसती खरखर. अर्ध्या ताटावरून उठून पुन्हा नळ्या मोजल्या.

२३ फेब्रुवारी
लिहू की नको. काका दवाखान्यात गेले होते. काकूंनीच गच्चीच्या जिन्याचं दार उघडून दिलं, वर चहा विचारला. अँटेना खांबाला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे दोन नट, दीड-दीड आटे सैल केले. वाऱ्याने अँटेनाचं तोंड फिरेल, चार दिवस त्यांच्याही हाका वाया जातील. एवढंच. एवढंच.

२५ फेब्रुवारी
काका अँटेना सरळ करायला गच्चीच्या कठड्यावर चढले. आधाराला धरलेला दांडा गर्रकन फिरला. मी माझ्या गच्चीवरून पाहिलं. ओरडायला उशीर केला का मी? काका गेले.

४ मार्च
काकूंनी त्यांचा अँटेना मला दिला. म्हणाल्या, यातलं कळणारा तूच उरलास. नाही म्हणायला तोंड नव्हतं असं लिहिणार होतो. खोटं. हवाच होता. लावला. पहिल्याच हाकेला पाच उत्तरं!

५ मार्च
रेडिओवर एकाने सांगितलं, तुमच्या शेजारी बसलेत त्यांना जरा मागे सरकायला सांगा, त्यांचा आवाज तुमच्यावर चढतोय.
खोलीत मी एकटा होतो.

७ मार्च
आणखी तिघांनी तेच. एक जण तर कवळीचा विनोद ऐकून खो-खो हसला. मी तोंडही उघडलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. मी मात्र जळलो. मेल्यावरसुद्धा त्यांनाच —

८ मार्च
त्यांचा उतरवला. माझा चढवला. काही फरक नाही. आता माझं कुणालाच ऐकू जात नाही. त्यांचं जातं. घंटेसारखं, म्हणतात.

९ मार्च
प्रयोगशाळेत साहेबांना तीनदा हाक मारली. मान वर नाही. घरी आलो तर बायको रेडिओच्या खोलीत. हसत होती. रिकाम्या खुर्चीसमोर. माझ्याकडे तिने — नाही, पाहिलंच नाही.

१० मार्च
ओरडलो. दार आपटलं. ती म्हणाली, वारा सुटला वाटतं.
मग ही वहीच तिच्यापुढे उघडली. तेवीस फेब्रुवारीचं पान. वाच, शिव्या दे, माहेरी जा, पण वाच. बोट ठेवून वाचलं तिने. शेवटपर्यंत. मग खुर्चीकडे वळली —
“काका, हे अक्षर कुणाचं हो?”
माझं! वही ओढली. तिच्या डोळ्यांदेखत लिहितोय, मोठ्या अक्षरांत, तिला कळेल असं — हे मी लिहितोय, मी, माझं नाव —
माझं नाव